सुकटीच्या डब्यातली चावी

मी गाडीची चावी बोलतेय. जरा कान इकडे करा, कारण मोठ्याने बोलायचं धाडस माझ्यात नाही. मला पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, ही कसली चावी? हिला ना दांडा, ना दाते. झिजून उरलेल्या काळ्या साबणाच्या वडीएवढी मी. पाठीवर चार बटणं, पोटात चपटा गोल सेल, कुशीला एक बारीकशी कळ आणि शेपटाकडे एक कडी. बस्स, एवढाच माझा पसारा.

आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. मला पाण्याची भीती वाटते, उंचावरून पडायची वाटते, कपड्यांच्या मशीनची तर फारच वाटते. कुणाच्या तरी पँटच्या खिशात राहून गेलेल्या चाव्यांच्या गोष्टी मी ऐकल्या आहेत. पण सगळ्यांत मोठी भीती वेगळीच. माझ्या पोटात ज्या गोष्टी आहेत, त्या माझ्या माणसांना ठाऊकच नाहीत. आणि मला तोंड नाही.

कारखान्यात आम्ही जुळ्या बहिणी जन्मलो. एकाच पांढऱ्या गाडीची एकच खूण दोघींच्या पोटात भरली गेली. ती गाडी आम्हा दोघींनाच ओळखणार, तिसऱ्या कुणाला नाही. तेव्हा मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता! पुढे त्याच गोष्टीने माझी झोप उडवली.

रत्नागिरीच्या शोरूममध्ये आम्हाला न्यायला तिघं आली. विनीत, त्याची बायको निशिगंधा आणि त्याची आई सोनूबाई. विनीत मोठ्या जहाजावर इंजिनात काम करतो. महिनोन्‌महिने समुद्रात, मग थोडे दिवस घरी. घर भाट्याच्या खाडीपलीकडे, घाटी चढून गेलं की सड्यावरच्या, म्हणजे कातळमाळावरच्या वाडीत. नवी गाडी म्हटल्यावर सोनूबाई नारळ, हळदकुंकू, उदबत्ती सगळं पिशवीत घालूनच आल्या होत्या.

शोरूममधली बाई मन लावून समजावत होती. "हे बंद करायचं बटण, हे उघडायचं. आणि उघडायचं बटण तसंच दाबून धरलंत ना, तर—"

"नारळ खंच्या चाकाकडं फोडायचा?" सोनूबाईंनी विचारलं, आणि सगळे चाकांकडे वळले.

नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो काढले. ती बाई बिचारी पुन्हा म्हणाली, "आणि चावीतला सेल संपला, तर घाबरायचं नाही. चावीच्या कुशीला—"

"ते पुस्तकात असेल ना सगळं?" विनीत हसत म्हणाला. "बघतो मी सावकाश."

ते पुस्तक प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट गाडीच्या खणात गेलं आणि आजतागायत तिथेच आहे. गाडी बंद झाली की पुस्तकही आत बंद. ती बाई माझ्याकडे बघून काय सांगणार होती ते मला माहीत होतं, पण ते कुणी ऐकलंच नाही. सोनूबाईंनी माझ्या बटणांवर हळदकुंकू वाहिलं, कडीत काळा दोरा बांधला आणि माझ्यावरून कडाकडा बोटं मोडली.

मग विनीत निशिगंधाला सड्यावर गाडी शिकवू लागला. निशिगंधा खेडची. लहानपणी जगबुडी नदीचं पाणी त्यांच्या घरात शिरलं होतं. पाणी ओसरल्यावर तिने ओल्या भिंतीवरचं दिव्याचं बटण दाबलं आणि तिला असा झटका बसला की ती पार दारापर्यंत फेकली गेली. तेव्हापासून ती कुठलंही बटण बोटाने दाबत नाही. हातात पळी असली तर पळीच्या दांड्याने, कंगवा असला तर कंगव्याने. मिक्सर, पंखा, घंटा, सगळ्याला तोच न्याय. मग गाडी सुरू करायचं गोल बटण ती कशाने दाबणार? हातात मी असायची. ती मला उलटी धरून माझ्या नाकाने बटण दाबायची.

खरं सांगते, मला अपमान वाटायचा. मी एवढी नाजूक, पोटात एवढ्या बारीक तारा, आणि हिने माझं लाटणं करून ठेवलेलं.

विनीत तर पोट धरून हसायचा. "अगं, हे काय स्वयंपाकघरातलं बटण आहे का? बोटाने दाब."

"दाबलं गेलं ना? झालं तर मग," ती म्हणायची, पण कानापर्यंत लाल व्हायची.

सोनूबाईही सोडायच्या नाहीत. "आमच्या सुनेच्या बोटाला मेंदी लावलेली हाय बारा महिने! काय गो बाय, इतका भियाचा असतं काय?"

निशिगंधाला आणखी एक खोड होती. मी हरवेन म्हणून ती माझा काळा दोरा बोटाला दोनदा गुंडाळून घ्यायची आणि मला मुठीत गच्च आवळून ठेवायची. मला मात्र ते आवडायचं. दोघी भित्र्या एकमेकींना धरून बसलोय, असं वाटायचं.

विनीतची जायची वेळ आली. बॅग भरताना त्याने माझ्या बहिणीला उचललं आणि शर्टाच्या खिशात टाकलं.

"तिथे समुद्रात काय उघडणारेस हिने?" निशिगंधाने विचारलं.

"काही नाही गं. खिशात असली की वाटेल, गाडी खळ्यात उभी आहे आणि मी जरा बाजारापर्यंत आलोय."

तिने त्याच्या खिशावर नुसता हात ठेवला. मी मात्र गारठले. माझी बहीण सात समुद्रांपलीकडे चालली होती, आणि या घरात मी एकटीच उरले होते. मला काही झालं तर गाडी कुणाचीच ऐकणार नव्हती.

विनीत गेल्यावर निशिगंधाने वाडीबाहेर गाडी नेलीच नाही. खळ्यातच, घरापुढच्या अंगणातच सुरू करायची, पुढे-मागे करायची, घाम पुसत उतरायची. एकदा वळणापर्यंत गेली आणि समोरून एसटी येताना दिसल्यावर तशीच मागे मागे आली. सोनूबाईंनी मग मला आपल्या कनवटीला खोचलं. पोरीच्या हातून चावी कुठे पडेल याचा त्यांना भरवसा नव्हता.

आणि तिथेच घोटाळा झाला. श्रावण तोंडावर आला होता. दुपारी सोनूबाई नारळ खवायला वाकून बसल्या आणि मी त्यांच्या पोटाच्या घडीत चेपले गेले. नेमकं उघडायचं बटण दाबलं गेलं आणि दाबलेलंच राहिलं. शोरूममधल्या बाईचं अर्धं राहिलेलं वाक्य ते हेच होतं. ते बटण तसंच दाबून धरलं, की गाडीच्या चारही काचा आपसूक खाली येतात. उन्हात तापलेल्या गाडीतली हवा बाहेर जावी म्हणून केलेली ती सोय. खळ्यात काचा सरसर खाली गेल्या, वरून धो धो सर आली, आणि मी आतल्या आत ओरडत राहिले.

सर थांबल्यावर निशिगंधाने पाहिलं तर गाडीत तळं. दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या.

"तुम्ही काचा उघडल्या होत्या?"

"मी कशाला हात लावतंय त्या गाडीला? चोर आलेला हाय गो!"

झालं. सोनूबाईंनी मोबाइलवर कधी तरी पाहिलं होतं, की चोर दुरूनच चावीचं बोलणं पकडतात आणि गाडी उघडतात, आणि चावी पत्र्याच्या डब्यात ठेवली की मग त्यांना ती ऐकू येत नाही. यात खोटं काही नाही. डब्यात बंद झाले की माझा आवाज बाहेर जात नाही हे खरंच आहे. पण डबा कुठला? सोनूबाईंनी फळीवरचे सगळे डबे नजरेखालून घातले. साखरेचा नको, तो सारखा उघडतो. चहाचा नको. मग त्यांचं लक्ष सगळ्यांत वरच्या डब्याकडे गेलं. हर्ण्याहून आणलेली सुकट त्यात भरून ठेवलेली.

"श्रावणात त्या डब्याला कोण हात लावतो?" त्या खूश होऊन म्हणाल्या. "घरचा नाय नि चोरपण नाय."

झाकण बसलं आणि अंधार झाला. त्या अंधारातले दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. खारवलेली इवलीइवली कोलंबी माझ्या बटणांच्या फटींतून टोचत होती. पावसाळी दमट हवेत मीठ पाझरत होतं. ते माझ्या सांध्यातून आत शिरलं, सेलच्या पत्र्यांवर हिरवट थर चढला आणि एके दिवशी माझ्यातला उरलासुरला जीव गेला. बाहेर कुणाला पत्ताही नाही. देवाजवळ मी एकच मागत होते, श्रावण असाच शांतपणे सरू दे, तोवर कुणाला माझी गरज न पडो.

एका सकाळी पावसाने उघडीप दिली होती. वाडीतली सगळी माणसं बेणणीला, भातातलं तण काढायला, खाली मळ्यात गेली होती. सोनूबाई गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या कडेने टाकळ्याची भाजी खुडत होत्या. डब्यात मला आधी एक किंकाळी ऐकू आली, मग धावणारी पावलं.

"गो निशे! जनावर चावला गो हाताला!"

"कसलं? आई, कसलं जनावर?"

"फुरसा... मी सोता बगितला. दगडात होता."

फुरसं म्हटल्यावर या भागात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. जेमतेम हातभर लांबीचा तो साप, पण रक्तच पातळ करून टाकतो. निशिगंधाने सासूला ओट्यावर बसवलं. बोट सुजत चाललं होतं, म्हणून आधी हाताला साबण लावून बांगड्या उतरवल्या. सोनूबाई पदर फाडून हात करकचून बांधायला बघत होत्या, तो तिने बांधू दिला नाही. रुग्णवाहिकेला फोन केला. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन निघालेली, यायला वेळ लागणार होता. वाडीतला रिक्षावाला सकाळीच शहरात गेलेला.

मग माझ्या डोक्यावरचं झाकण उघडलं. उजेड आला. निशिगंधाने मला सुकटीतून ओढून काढलं.

ती खळ्यात धावली. गाडीपुढे उभी राहून तिने बटण दाबलं. मी मुकी. पुन्हा दाबलं. मग चारही बटणं एकामागून एक. माझ्यात बोलायला जीवच नव्हता. दाराची मूठ ओढली, गाडी ढिम्म. गाडी तरी मला कशी ओळखणार?

"उघड ना! उघड गं बाई!" ती माझ्याशीच बोलत होती.

मागून सोनूबाईंचा आवाज आला, "निशे, तोंडात रक्ताची चव येते गो."

माझ्या कुशीची कळ, अगं, कुशीची कळ! मी आतल्या आत आकांत करत होते. माझ्या पोटात साधी लोखंडी चावी आहे, दाते असलेली, तुझ्या कपाटाच्या चावीसारखीच! पण हे तिला कोण सांगणार? शोरूममधली बाई सांगत होती तेव्हा पेढे वाटले जात होते.

निशिगंधा रडायला लागली. काळा दोरा सवयीने तिने बोटाला दोनदा गुंडाळला होता. तिने मला मुठीत आवळलं, इतकं गच्च की माझं कवच करकरलं. सगळं एकाच वेळी दाबलं गेलं, कुशीची कळसुद्धा. तिने हात तसाच दारावर आपटला, दोऱ्याला हिसका बसला, आणि कडीसकट माझ्या पोटातली चावी सुळकन बाहेर आली.

"मोडली!" ती किंचाळली. "आई, चावी मोडली!"

आणि मग तिने खाली पाहिलं. दोऱ्याला एक बारीक, चकचकीत, दातेवाली चावी लोंबत होती. क्षणभर तिला काही उमगेना. मग ती दाराशी वाकली आणि मुठीजवळचं भोक शोधून चावी फिरवली. दार उघडलं.

उघडताक्षणी गाडी बोंबलायला लागली. हॉर्न, दिवे, सगळंच. रिमोटशिवाय दार उघडलं की गाडीला वाटतं चोर शिरला. निशिगंधा दचकून मागे सरली, मीही हबकले. पण त्या बोंबलण्याने एक झालं. खालच्या मळ्यातून शेजारचे गंगाराम खोरं टाकून धावत वर आले.

"काय झाला? चोर काय?"

"काका, आईंना फुरसं चावलंय!"

गंगाराम वयस्क, धिप्पाड माणूस. त्यांनी सोनूबाईंना लेकरासारखं उचललं आणि मागच्या सीटवर ठेवलं. "पलीकडल्या वाडीत इख उतरवणारा हाय. तिकडं नेऊया काय, जवळ हाय ता?"

"नाही," निशिगंधा म्हणाली. तिचा आवाज फाटला होता, पण शब्द स्पष्ट होता. "सिव्हिलला."

तिने ती बारीक चावी पुन्हा माझ्या पोटात खुपसली आणि ती स्टिअरिंगमागे बसली. गंगारामांनी पुढे वाकून गोल बटण बोटाने दाबलं. समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटली, चावी सापडत नाही. पुन्हा दाबलं. तेच. हॉर्न चालूच. तिसऱ्यांदा दाबून त्यांनी हात खाली सोडला.

"गाडी गेली, पोरी. हिचा काय खरा नाय. उचलून नेऊया वैनीला, रस्त्यावर कोण भेटला तर."

आता ऐका. माझ्या पोटात सेलपासून वेगळी अशी एक इवलीशी खूण आहे. तिला सेल लागत नाही. तिला फक्त गाडीच्या बटणाला अगदी टेकवावं लागतं, नाकाला नाक लावून. मग गाडी तिला ओळखते. जगातल्या किती माणसांना हे ठाऊक असेल? या वाडीत तर कुणालाच नव्हतं.

निशिगंधाने गंगारामांचा हात बाजूला सारला. तिला काही सुचत नव्हतं. जे रोज करायची तेच तिने केलं. मला उलटी धरली आणि माझ्या नाकाने बटण दाबलं.

हॉर्न थांबला. गाडी सुरू झाली.

गंगाराम बघतच राहिले. तिला मात्र नवल वाटायलाही सवड नव्हती. गंगाराम चढायच्या आतच ती सड्यावरून निघाली. वळण आलं, तेच, जिथून ती मागे फिरली होती. समोरून ट्रक आला. मी तिच्या बोटाला लोंबत होते, दर वेळी गिअर बदलताना दांडीवर आपटत होते, आणि तिच्या मनगटातली नाडी मला हातोड्यासारखी जाणवत होती.

"आई, बोलत राहा!"

"बोलतंय गो... तू पुढं बग. माझ्याकडं नको बगू." सोनूबाईंनी पदरात थुंकलं. आरशात पदर लाल दिसला. निशिगंधाच्या तोंडून हुंदका फुटला, पण पाय डगमगला नाही.

घाटी उतरली, भाट्याचं सुरूबन मागे पडलं, पूल आला. खाली खाडी भरून वाहत होती. पुलावर ती कधी आलीच नव्हती. तिने श्वास रोखून धरला आणि पलीकडे गेल्यावरच सोडला.

इस्पितळाच्या दारात तिने गाडी तशीच चालू सोडली. बंद केली आणि पुन्हा सुरूच झाली नाही तर, या भीतीने. रखवालदार ओरडत मागे आला, "ओ ताई, गाडी चालू हाय!" तिला ऐकूच आलं नाही. मी अजून तिच्या बोटालाच.

सोनूबाईंना सलाइन लागलं, औषध सुरू झालं. नर्सने थोडं रक्त काढून काचेच्या नळीत घेतलं आणि नळी स्टुलावर उभी करून ठेवली. "हे गोठतंय का बघायचं," ती म्हणाली. वेळ झाल्यावर तिने नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं घरंगळलं. निशिगंधाने मला दोन्ही हातांत धरलं. आम्ही दोघी त्या नळीकडे बघत बसलो. आणखी औषध गेलं. दुपार कलली. पुन्हा नळी, पुन्हा तेच पातळ रक्त. आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नव्हते, डब्यातसुद्धा नाही. संध्याकाळी नर्सने तिसरी नळी तिरकी केली. रक्त जागचं हललं नाही.

"गोठलं," नर्स म्हणाली.

निशिगंधा तिथेच भिंतीला टेकून खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली.

दुसऱ्या दिवशी एका घड्याळवाल्याने माझा सेल बदलला, पत्रे खरवडले. "ताई, चावीला वास कसला हो येतो?" त्याने नाक मुरडत विचारलं. "सुकटीचा," निशिगंधा म्हणाली, आणि हसली. विनीतला फोनवर सगळं कळलं. मग त्याने सुट्टीवर निघालेल्या एका हर्ण्याच्या सोबत्याबरोबर माझ्या बहिणीला घरी पाठवून दिलं. आता ती देवघराच्या खुंटीवर असते आणि मी दाराजवळच्या. डब्यात कुणीच नाही.

मी अजून भित्रीच आहे हो. हा सेलही एक दिवस संपेल. गाडी एक दिवस जुनी होईल, विकली जाईल, मी कुणा परक्याच्या खिशात जाईन, आणि मला जे ठाऊक आहे ते त्याला ठाऊक नसेल. म्हणून आज धीर करून बोलले. तुमच्या घरीही माझी एखादी बहीण खुंटीला असेल. तिला एकदा हातात घ्या. तिच्या कुशीची कळ शोधा, पोटातली चावी बाहेर काढून बघा, तिचं नाक गाडीला कुठे टेकवायचं ते विचारून घ्या. वेळ आल्यावर तिला सांगता येणार नाही.

सोनूबाई आता बऱ्या आहेत. पण ते बोट काही नीट झालं नाही. ताठ राहिलंय, त्यात जोर नाही. परवा तिन्हीसांजेला त्या स्वयंपाकघरात दिवा लावायला गेल्या. त्या बोटाने बटण दाबलं, दाबलं गेलं नाही. पुन्हा दाबून पाहिलं. मग इकडेतिकडे बघितलं, दाराजवळच्या खुंटीवरून मला काढलं, माझा काळा दोरा आपल्या बोटाला दोनदा गुंडाळला आणि माझ्या नाकाने दिव्याचं बटण दाबलं.

उजेड पडला. दारात निशिगंधा उभी होती.

"काय बगतंस?" सोनूबाई म्हणाल्या. "भिती वाटते गो बोटान दाबायची."